हल्ल्यातून वाचलेली कोंबडी चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा का ढासळते?

पुण्यातल्या धायरी, बावधन, सूस, पाषाण, कात्रज अशा भागांत, जिथे टेकडी किंवा ओढा घराच्या कुंपणापर्यंत आलेला असतो, परसात पाच-दहा गावठी किंवा गिरिराज कोंबड्या पाळणाऱ्यांना एक अनुभव वारंवार येतो. मुंगूस, बोका किंवा भटके कुत्रे कोंबडीवर झडप घालते, कलकलाट ऐकून घरातले कोणीतरी धावते आणि कोंबडी सुटते. पाठीवरची थोडी पिसे गेलेली असतात, एखादा ओरखडा दिसतो, त्यावर हळद दाबली जाते आणि दुसऱ्या दिवशी ती दाणे टिपू लागली की घरचे निश्चिंत होतात. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र ती पंख पाडून कोपऱ्यात बसलेली आढळते. काही कोंबड्या दहा-बारा दिवस ठीक राहून मग खंगू लागतात. औषध दिले की दोन दिवस तरतरी येते आणि पुन्हा तेच सुरू होते.

हा दुसरा बिघाड बहुतेक वेळा नवा आजार नसतो. पहिल्या दिवशी जे पाहायचे राहून गेले, तेच आता वर आलेले असते. कोंबडी हा शिकार होणारा पक्षी असल्यामुळे दुखणे लपवणे तिच्या स्वभावात आहे. अशक्त दिसणाऱ्या पक्ष्याला शिकारी आधी हेरतो आणि कळपातल्या कोंबड्याही त्यालाच टोचतात. म्हणून दुसऱ्या दिवशी तिने दाणे टिपले, यावरून ती बरी आहे असा निष्कर्ष काढू नये. कारणे अनेक आहेत, प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि ती कोणत्या दिवशी ढासळली यावरून कारणाचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. परंतु त्याआधी, कितवाही दिवस असला तरी, जखम नव्याने शोधावी.

जखम पुन्हा शोधणे

कोंबडीला टॉवेलमध्ये सैल गुंडाळून, डोके झाकून, मांडीवर घ्यावे. डोळ्यांपुढे अंधार झाला की ती शांत होते. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड वर-खाली झाले तरच त्यांचा श्वास चालतो, त्यामुळे छाती आवळून धरल्यास ती हातातच गुदमरू शकते. पिसांखाली सुळ्याचे छिद्र डोळ्यांना दिसत नाही. कोमट मिठाच्या पाण्याने पिसे भिजवून ती बाजूला सारत जावे आणि कातडी बोटाबोटाने तपासावी. पिसे उपटू नयेत, कारण कोंबडीची कातडी फार पातळ असते आणि जखमेजवळ ती पिसासोबत फाटते. गरज वाटल्यास बोथट टोकाच्या कात्रीने पिसे कापावीत. मात्र नव्याने उगवणाऱ्या पिसाच्या निळसर दांड्यात रक्त असते, ते पीस कापू नये.

कोणत्या प्राण्याने धरले हे माहीत असेल तर शोध सोपा होतो. कुत्रा धरून झटकतो, त्यामुळे शेपटीच्या वर किंवा पाठीवर कातडीचा मोठा पट्टा सुटलेला असतो आणि खालचे स्नायू चेचलेले असतात. सुळे दोन्ही बाजूंनी रुतत असल्याने एक छिद्र सापडले की त्याच्या विरुद्ध बाजूला दुसरे शोधावेच. मांजराचे सुळे बारीक असतात. जखम टाचणीने टोचल्यासारखी दिसते, रक्त जेमतेम येते, आणि नेमकी हीच जखम फार घातक ठरते. मुंगूस दिवसा येते आणि मानेवर किंवा डोक्यामागे धरते. उदमांजर रात्रीचे. घार सहसा पिल्ले उचलते, पण मोठ्या कोंबडीवर झेपावली असेल तर पाठीच्या दोन्ही अंगांना नखांची छिद्रे असतात. मान, काखा, मांड्यांची आतली बाजू, शेपटीचे मूळ आणि गुदद्वाराभोवतीचा भाग या जागा हमखास राहून जातात.

तपासताना दोन ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. बरगड्यांवर किंवा पाठीवर छिद्र असून भोवतीची कातडी फुगली असेल आणि दाबल्यावर बारीक चरचर जाणवत असेल, तर हवापिशवी फुटलेली आहे. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या अशा हवापिशव्या असतात, आणि त्या छिद्रात पाणी किंवा औषध ओतणे म्हणजे ते थेट श्वसनमार्गात ओतणे होय. अशी जखम फक्त ओल्या गॉजने बाहेरून पुसावी आणि पशुवैद्याकडे जावे. दुसरी जागा गळ्याखालच्या अन्नपिशवीची. प्यायलेले पाणी किंवा खाल्लेले दाणे जखमेतून बाहेर येत असतील तर पिशवी फाटलेली आहे आणि ती शिवल्याशिवाय पोटात काहीही टिकणार नाही.

बाकीच्या जखमा धुवाव्यात, भरपूर धुवाव्यात. औषधाच्या दुकानात नॉर्मल सलाइनची बाटली मिळते. नसल्यास एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेले दीड छोटा चमचा, मीठ घालावे. सुई काढलेल्या २० मिलिलीटरच्या सिरिंजने सौम्य धार सोडून माती, पिसांचे तुकडे आणि गोठलेले रक्त निघून जाईपर्यंत धुवावे. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे. हायड्रोजन पेरॉक्साइड पुन्हा पुन्हा वापरल्यास नव्याने भरणारे मांसही जळते. जखम सात-आठ तासांहून जुनी असेल तर ती घरी शिवण्याचा किंवा चिकटवून बंद करण्याचा विचारही करू नये. आतली घाण बंद होते आणि पुढे सांगितलेला सर्वांत हट्टी त्रास तिथूनच सुरू होतो. उघडी जखम पाहवत नाही हे खरे, पण कोंबडीची कातडी आश्चर्य वाटावे इतकी भरून येते. पाठीवरचा तळहाताएवढा उघडा भागही स्वच्छ आणि ओलसर ठेवल्यास काही आठवड्यांत भरलेला दिसतो.

पहिल्याच दिवशी बिघडली तर

हा धक्का आहे. दीड किलोच्या कोंबडीच्या अंगात साधारण १०० मिलिलीटर रक्त असते, त्यामुळे आपल्याला थोडा वाटणारा रक्तस्राव तिच्यासाठी थोडा नसतो. वाहती जखम स्वच्छ कापडाने पाच ते दहा मिनिटे, मध्ये उचलून न पाहता, दाबून धरावी. मग तिला खोक्यात, अंधारात, उबेत, एकटे ठेवावे. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते आणि धक्क्यात ते झपाट्याने उतरते. पुण्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांपर्यंत किंवा त्याखाली जातो, तेव्हा उघड्या पडवीत ठेवलेली जखमी कोंबडी सकाळपर्यंत टिकत नाही. एलईडी दिव्याने ऊब मिळत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जुना तारेचा पिवळा दिवा नसेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी, म्हणजे तिला नको वाटल्यास दुसऱ्या बाजूला सरकता येईल. एप्रिल-मे महिन्यांत मात्र दिवा लावू नये. सावली आणि वारा पुरे.

तुऱ्याचा रंग फिका पडला आहे का, हे पाहण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु कडकनाथाचा तुरा, कातडी आणि तोंडाचा आतला भागही काळसर असल्यामुळे तिथे हा निकष चालत नाही. कडकनाथ असेल तर पाय हाताला गार लागतात का, मान टाकली आहे का आणि चोच उघडून श्वास घेते का, यावरून ठरवावे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बिघडली तर

मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू सर्रास असतात. सुळ्यावाटे ते खोल जातात, छिद्र वरून मिटते आणि दोन दिवसांच्या आत रक्तात विष पसरते. म्हणून मांजराने धरलेल्या कोंबडीला, जखम दिसो वा न दिसो, त्याच दिवशी पशुवैद्याकडून प्रतिजैविक सुरू करून घ्यावे. या एका बाबतीत थांबून पाहण्याला अर्थ नाही. प्रतिजैविक घरात उरलेल्या माणसांच्या गोळीचे तुकडे करून देऊ नये, आणि सुरू केलेले औषध कोंबडी खाऊ लागली म्हणून मध्येच सोडू नये. दोन दिवस सुधारून पुन्हा ढासळण्याचे हे फार नेहमीचे कारण आहे. औषध चालू असताना आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिची अंडी खाऊ नयेत, कोणाला देऊही नयेत.

याच काळात अळ्या पडतात. पावसाळ्यात माशी जखमेवर अंडी घालते आणि उबदार, दमट हवेत ती एका दिवसाच्या आत फुटतात. गावाकडे याला आसाड्या पडणे म्हणतात. लक्षण असे की जखमेला उग्र वास येतो, कोंबडी बेचैन होते आणि सारखी त्या बाजूला चोच नेते. चांगल्या उजेडात चिमट्याने एकेक अळी काढावी, सलाइनने धुवावे आणि काही तासांनी पुन्हा पाहावे, कारण न फुटलेली अंडी मागे राहिलेली असतात. रॉकेल, तंबाखूची पूड आणि डांबरगोळीची पूड हे जुने उपाय पक्ष्याला विषारी आहेत. गुरांच्या जखमांसाठी मिळणारी कीटकनाशक पावडरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोंबडीवर टाकू नये. तिचे वजन गाईच्या तुलनेत नगण्य आहे आणि ती जखम चोचीने साफ करते, म्हणजे पावडर पोटात जाते. पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाकणे हा मला सर्वांत उपयुक्त उपाय वाटतो. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, कारण जखमेच्या वासावर लाल मुंग्याही येतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवा डाग दिसला तर

जखमेभोवतीची कातडी हिरवी झालेली पाहून अनेक जण घाबरतात आणि मांस सडले असे समजून कोंबडी कापून टाकतात. मुका मार लागल्यावर आपल्या अंगावर जसा निळा आणि मग पिवळा डाग पडतो, तसा कोंबडीला हिरवा पडतो. साकळलेल्या रक्तापासून तयार होणारे हिरवे रंगद्रव्य पुढे पिवळ्यात बदलणारे विकर (एन्झाइम) पक्ष्यांमध्ये नसते, एवढेच त्याचे कारण आहे. कातडी अखंड, कोरडी, हाताला कोमट आणि बिनवासाची असेल तर तो डाग आपोआप जातो. कातडी काळी, ओलसर, गार आणि दुर्गंधीयुक्त असेल तर ते मात्र सडणे आहे आणि ते मेलेले मांस डॉक्टरांकडूनच काढून घ्यावे लागते.

आठवड्या-दोन आठवड्यांनी बिघडली तर

सर्वांत जास्त फसवणारा प्रकार हा आहे. जखम वरून भरलेली असते, खपली पडून गेलेली असते, आणि कोंबडी मात्र हलकी होत जाते. माणसाचा पू पातळ असतो, फोड फुटला की वाहून जातो. कोंबडीच्या पांढऱ्या पेशींमध्ये पू पातळ करणारे विकर नसल्याने तिचा पू घट्ट, पिवळट, चुरा होणाऱ्या गोळ्यासारखा साचतो. तो वाहत नाही आणि दाबून निघत नाही, आणि प्रतिजैविक त्याच्या आत नीट पोहोचत नाही. औषध चालू असेपर्यंत भोवतीचा संसर्ग दबतो, थांबताच पुन्हा उसळतो. म्हणून जुन्या जखमेच्या जागी कातडीखाली कडक गाठ लागत असेल तर औषधाचा तिसरा कोर्स मागण्याऐवजी ती गाठ उघडून, पू काढून, पोकळी धुऊन घेण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. त्यानंतर ती पोकळी तळापासून वर भरत यावी, यासाठी तोंड लवकर मिटू न देणे हे घरच्या माणसांचे काम आहे: दिवसातून दोनदा सलाइनने धुणे आणि डॉक्टरांनी दिलेले, तेलकट नसलेले मलम पातळ थरात लावणे. तेल किंवा तूप लावल्याने भोवतीची पिसे चिकटतात आणि मग तिला स्वतःची ऊब धरता येत नाही.

मलमांबाबत एक सूचना इथेच करतो. खाज आणि गजकर्णासाठी घरोघरी वापरल्या जाणाऱ्या अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते आणि त्याने जखम भरणे लांबते. बधिर करणारी द्रव्ये असलेली वेदनाशामक मलमे पक्ष्यांना घातक ठरू शकतात. माणसांची वेदनाशामक गोळी तर कधीच देऊ नये. डायक्लोफेनॅकमुळे गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती लाखोंनी मेली आणि २००६ साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, हे आठवावे. कोंबडीला वेदना असतात आणि त्या कमी करायलाच हव्यात, पण औषध आणि मात्रा तिच्या वजनावरून पशुवैद्याने ठरवायची असते.

जखम ठीक, तरी खंगते

कित्येकदा जखमेत काही दोष नसतो. कोंबडी उपाशी असते. ती चोच खाली-वर करते म्हणजे खाते असे नाही, कारण घाबरलेली कोंबडी दाणे नुसते उडवते. यासाठी तीन गोष्टी रोज पाहाव्यात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज सकाळी वजन करावे. दीड किलोची कोंबडी दीडशे ग्रॅमने उतरली तर ते गंभीर आहे, भले ती चालती-फिरती असो. संध्याकाळी अन्नपिशवी भरलेली आणि सकाळी रिकामी लागली पाहिजे. सकाळीही ती भरलेली आणि पिठाळ लागत असेल तर पचन थांबले आहे, अशा वेळी आणखी भरवू नये. तिसरी गोष्ट विष्ठा. गडद हिरवी, पाणीदार विष्ठा म्हणजे पोटात अन्न नाही आणि फक्त पित्त बाहेर पडते आहे.

पहिले दोन दिवस पाण्याला अन्नापेक्षा जास्त महत्त्व आहे. औषधाच्या दुकानातले ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवून द्यावे. स्वतः पीत नसेल तर चोचीच्या कडेवर एकेक थेंब सोडावा आणि तिने गिळल्यावर पुढचा द्यावा. चोच उघडून घशात पाणी ओतू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे असते आणि पाणी थेट फुप्फुसात जाते. पाणी टिकू लागले की नाचणीची पातळ पेज, मऊ भात, कुस्करलेले उकडलेले अंडे, भिजवलेले खाद्य असे थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा ठेवावे. एकटीला खायला नको वाटत असेल तर जाळीपलीकडे दुसरी कोंबडी खाताना दिसू द्यावी. पुष्कळदा तेवढ्याने ती खाऊ लागते.

मान वाकडी झाली तर

मुंगसाने मानेला किंवा डोक्याला धरले असेल तर काही दिवसांनी मान पिळवटणे, तोल जाणे, उलटे चालणे दिसू शकते. मानमोडी (राणीखेत) या संसर्गजन्य रोगातही मान वळते आणि हिरवी हगवण होते, त्यामुळे इथे गोंधळ होतो आणि तो महागात पडतो. एकटी जखमी कोंबडीच आजारी असेल, बाकी कळप खात-पीत असेल आणि कळपाला लासोटा ही मानमोडीची पहिली लस व नंतरची लस वेळेवर दिलेली असेल, तर मारामुळे झाले असण्याची शक्यता अधिक. हल्ल्याशी संबंध नसलेली दुसरी कोंबडीही सुस्त झाली, किंवा एखादी अचानक मेली, तर मानमोडी समजूनच वागावे: जखमी कोंबडीला वेगळे ठेवावे, तिची भांडी वेगळी करावीत आणि मेलेला पक्षी तपासायला न्यावा. पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग औंधला आहे.

जिवंत कोंबडीच्या उपचारासाठीही औंधचे शासकीय पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय हा पुण्यातला पर्याय आहे, आणि तिथे पोहोचणे शक्य नसेल तर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर पशुवैद्यकीय सेवेची चौकशी करता येते. शहरातले अनेक खासगी दवाखाने कुत्र्या-मांजरांपुरतेच चालतात, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून पक्षी पाहतात का हे विचारावे. उन्हात रिक्षाची फेरी फुकट जाणे जखमी कोंबडीला सोसत नाही.

कुत्र्याने चावलेल्या कोंबडीमुळे रेबीज होईल का, असे हमखास विचारले जाते. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा आजार आहे आणि कोंबडीपासून तो पसरत नाही. मात्र हल्ला नुकताच झाला असेल तर पिसांवर कुत्र्याची लाळ असते, म्हणून हातमोजे घालून हाताळावे. आणि सोडवताना कुत्र्याने माणसाला ओरखडले किंवा चावले असेल तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लशीसाठी दवाखान्यात जावे.

पुन्हा कळपात, आणि शिकारी पुन्हा दारात

जखमेवर लालपणा दिसत असेपर्यंत कोंबडीला कळपात सोडू नये. लाल रंग दिसला की इतर कोंबड्या तिथेच टोचतात आणि भरत आलेली जखम तासाभरात उघडी होते. पण तिला नजरेआडही ठेवू नये, कारण दोन-तीन आठवडे न दिसलेली कोंबडी कळपाला परकी वाटते. खुराड्याशेजारीच जाळीचा वेगळा कप्पा करावा, जिथून ती दिसेल पण कोणाची चोच पोहोचणार नाही. सोडताना संध्याकाळी, बसायच्या वेळी सोडावे, दाण्याची आणि पाण्याची भांडी एकाऐवजी दोन ठेवावीत आणि पहिले काही दिवस बसायची काठी खाली आणावी, कारण दुखऱ्या पंखाने वर उडी घेताना ती पडते.

शिकारी परत येतो, हे गृहीत धरूनच चालावे. एकदा अन्न मिळालेली जागा तो विसरत नाही. षटकोनी छिद्रांची पातळ कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी बसवावी, ती खाली बाहेरच्या बाजूला वळवून दीड-दोन फूट जमिनीखाली पसरावी, म्हणजे उकरणाऱ्याचे पंजे जाळीवर येतात. कडीला आकडा किंवा कुलूप लावावे. मुंगूस दिवसा येत असल्याने फक्त रात्री दार लावून भागत नाही. ज्या दिवशी घरी कोणी नसेल त्या दिवशी कोंबड्या जाळीच्या आवारातच राहाव्यात. मुंगूस आणि उदमांजर यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे, त्यामुळे विष किंवा फास लावणे गुन्हा आहे, आणि विष तर आपल्याच कोंबड्यांपर्यंत येऊन पोहोचते.

बरी झालेली कोंबडी काही आठवडे अंडी देत नाही. मध्येच पिसेही झडतात, विशेषतः हल्ला पावसाळ्याच्या अखेरीस झाला असेल तर. या काळात अंड्यावर आणण्यासाठी रात्रीचा दिवा किंवा टॉनिक देऊ नये. शरीर आधी पिसे आणि मांस भरून काढते. वजन पूर्वीइतके झाले आणि तुरा पुन्हा लाल झाला की अंडी सुरू होतात. पहिली एक-दोन अंडी मऊ कवचाची निघाली तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. तिसऱ्या-चौथ्या अंड्यानंतरही कवच तसेच राहिले, किंवा ती अंड्यासाठी बसून जोर करते पण अंडे येत नाही असे दिसले, तर शेपटीकडच्या जखमेचा परिणाम आत झाला असण्याची शक्यता असते आणि तिला त्याच दिवशी पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे.